पान ९७ : बैल जातो

दि. १४ जुलै २०२५, सोमवार
सकाळी ११ वाजून २० मिनिटे

ती. मोहिनीअक्का हीस,
प्रेमराजचा शि. सा. न. वि. वि.

आत्ताच वाचनालयाच्या कपाटातील कसर झटकून, हात साबणाने दोनदा धुऊन लिहायला बसलो आहे. फोन करणार होतो. पण मागच्या खेपेस मी बेचाळीस मिनिटे बोललो आणि धुळ्यात तुझी डाळ करपली, तेव्हापासून तू मला पत्रच लिहायला बजावले आहेस.

अक्का, मोठी जबाबदारी आली आहे. मुख्याध्यापक रतिलाल सरांनी सहावी ते आठवीच्या मुलांसाठी तीस पुस्तके निवडायला सांगितले, तेही मला! दहावीच्या गणिताने ज्याला तीनदा परत पाठवले त्याला. सर म्हणाले की गावात पुस्तक उघडणारा तू एकटाच आहेस, मग मी कुणाला सांगू?

पण अट आहे. शाळा समितीचे अध्यक्ष झुलालनाना यांना ही वाचनालयाची खोली खिचडीच्या तांदळाच्या गोण्यांसाठी हवी आहे. ३० ऑगस्टच्या सभेपर्यंत मुले पुस्तके घरी नेऊन वाचू लागली नाहीत, तर खोली तांदळाची. खोली गेली की वाचनालय परिचर म्हणून माझी हंगामी नेमणूकही गेली. शिवाय नानांना कादंबरी मान्य नाही. पारावर सगळ्यांदेखत म्हणाले की, पोरे खोटं वाचीसन खोटंज बोलतीन. निदान निम्मी पुस्तके खऱ्या माणसांच्या खऱ्या गोष्टींची हवीत असे त्यांनी सरांकडून कबूल करून घेतले.

पुस्तक कसे ओळखावे ते कळव. चुकीचे पुस्तक मुलाच्या हाती गेले तर काय होते, या विचाराने मला दोन दिवस जेवण जात नाही. (भाकरी जाते. भात जात नाही.)

भाऊजींना नमस्कार. तुझा हात डोक्यावर असावा.
तुझा,
प्रेमराज


धुळे, १९ जुलै

चि. प्रेमराज यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

भात का जात नाही ते समजलं. तुला तो गोणीत दिसत असणार.

चुकीचं पुस्तक मुलाच्या हाती गेलं तर मूल ते मिटतं आणि खेळायला जातं. बाकी काही होत नाही. मी सतरा वर्षं सातवीला शिकवते आहे.

जळगावला जा. दुकानात उभ्यानं पहिली दोन पानं वाच. तिसरं पान उलटायच्या आधी दुकानदारानं हाक मारली आणि तुला त्याचा राग आला, तर ते पुस्तक घे. प्रत्येक पानावर कुणीतरी मुलांना शहाणं करत असेल तर ठेवून दे, त्यासाठी आम्ही मास्तर आहोत. खऱ्या गोष्टींत असा माणूस बघ ज्याची एकदा तरी फजिती झाली आहे. आणि दुःखाचं पुस्तक टाळू नकोस. लहानपणी आपली शेळी विकली तेव्हा तू चार दिवस गोठ्यात जेवलास, पण मोठा झालासच ना?

बारा-तेरा वर्षांची पोरं आपल्याला वाटतात त्याहून धीट असतात. तू नाहीस, म्हणून सांगते.

जेवत जा. आईला गुडघ्याचं तेल विसरू नको म्हणावं.
तुझीच,
मोहिनीअक्का


दि. ८ ऑगस्ट २०२५, शुक्रवार
दुपारी ४ वाजून ५ मिनिटे

ती. मोहिनीअक्का हीस,
शि. सा. न. वि. वि.

आत्ता मी पुस्तक-वाटपाच्या वहीकडे बघत बसलो आहे. ती कोरी नाही, हेच दुःख आहे. सविस्तर लिहितो.

तू सांगितल्याप्रमाणे जळगावच्या दुकानात उभ्याने वाचले. सव्वापाच तास लागले. दुकानदाराने आधी स्टूल दिले, मग चहा दिला, मग विचारले की तुम्ही तपासणीला आला आहात का. पंधरा कादंबऱ्या व पंधरा खऱ्या गोष्टी घेतल्या. ‘वाळवंटातले एकशे चार दिवस’ ही खरी आहे, त्यात फजिती अकरा वेळा आहे. ‘शिंगाड्याची वाट’ ही एका बैलाची कादंबरी आहे. तिच्यासाठी मला दोन रुमाल लागले.

घरी आणून तिसांच्या तीस पूर्ण वाचली. मग काळजी वाटली की मुले बेसावध असताना दुःखाच्या पानावर पोहोचली तर? म्हणून प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी चिकटवली. नमुना देतो :

‘पान ४१ : आजोबा वारतात. पान ६३ : चोर म्हणजे मामाच आहे. पान ९० : मुलगा घर सोडतो, पण परत येतो. घाबरू नये.’

आणि शिंगाड्याला :

‘पान ९७ : बैल जातो. रुमाल जवळ ठेवावा.’

सोमवारपासून वाटप सुरू केले. पाच दिवसांत एकसष्ट नोंदी झाल्या. पण एकसष्टही वेळा पुस्तक उभ्या उभ्याच परत आले. मुले चिठ्ठी वाचतात, मान हलवतात आणि दुसरे पुस्तक मागतात. नानांची नात दिपमाला सातवीत आहे. ती म्हणाली की, सर, बठ्ठं ते आठेज लिखेल शे, मंग पुस्तक कसाले वाचानं? सगळे पहिल्याच पानावर लिहून ठेवल्यावर वाचणार तरी कशाला, हे तिचे खरेच आहे. वर म्हणाली की तुमचं अक्षर मात्र छान शे.

या नोंदी सभेत धरतील का? तुझा सल्ला तातडीने हवा.
लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नकोस.
प्रेमराज


धुळे, १२ ऑगस्ट

चि. प्रेमराज यास,
अ. आ. वि. वि.

अरे, चोर मामा आहे हे पहिल्या पानावर? तुझं पत्र मी शिक्षकांच्या खोलीत मोठ्यानं वाचलं. आमचे चित्रकलेचे सर हसता हसता खुर्चीतून उतरले.

एकसष्ट धरणार नाहीत. चिठ्ठ्या काढ. सगळ्या. आजच. आणि मग तोंडही मीट. कुणी विचारलं की पुढं काय होतं, तर खिडकीबाहेर बघ. पुस्तक संपवून रडत कुणी आलं, तर पाणी दे आणि जवळ बस. तुझं काम तेवढंच.

रागावले नाही. थोडी रागावले.
मोहिनीअक्का


दि. २५ ऑगस्ट २०२५, सोमवार
सकाळी ७ वाजून ५० मिनिटे

ती. अक्का हीस,
शि. सा. न. वि. वि.

आत्ता मी खोलीला कुलूप लावून आत बसलो आहे. कुलूप बाहेरून दिपमालाने लावून दिले.

चिठ्ठ्या निघाल्या नाहीत. कसर लागू नये म्हणून मी खळीत मोरचूद घातला होता आणि घट्ट बसावी म्हणून मैदा दुप्पट. चिठ्ठी ओढली की पान येते. शेवटी प्रत्येकीवर खाकी कागदाचा तुकडा चिकटवला. आणि अक्का, दुसऱ्या दिवसापासून झुंबड! आत काय झाकले आहे ते कळेना. मुलांनी पान उन्हात धरून पाहिले, एकाने चहाच्या वाफेवर धरले. काही दिसेना, तेव्हा शोधण्यासाठी पुस्तकच वाचू लागली. तिसांपैकी अठ्ठावीस बाहेर गेली आणि रांग लागली. दिपमालाने शिंगाड्या दोन दिवसांत परत आणला. डोळे लाल होते. मी पाणी दिले व खिडकीबाहेर पाहिले. मीही रडलो, पण खिडकीकडे.

मग गावात बातमी गेली की प्रेमराजने पुस्तकांतला वंगाळ मजकूर झाकला आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, नाना आले. टेबलावर पडलेला शिंगाड्याच उचलला, खाकी तुकडा नखाने खरवडला. निघेना. मी काही सांगायला तोंड उघडले, तेवढ्यात तुझे पत्र आठवले व मिटले. नाना म्हणाले की आता मीच वाचतो आणि सभेत सगळ्यांसमोर दाखवतो. सही करून घेऊन गेले.

आदल्याच दिवशी त्यांनी त्यांच्या सर्जा बैलाची शिंगे रंगवली होती. मला पान ९७ दिसते आहे.

भाकरीही जात नाही.
प्रेमराज


दि. १ सप्टेंबर २०२५, सोमवार
दुपारी १ वाजून १५ मिनिटे

ती. मोहिनीअक्का हीस,
शि. सा. न. वि. वि.

आत्ता मी जेवून उठलो. भात.

शनिवारी सभा भरली, पण अध्यक्षच आले नाहीत. सरांनी सभा आजवर ढकलली. आज सकाळी नाना आले, पुस्तक टेबलावर आपटले आणि सर्वांदेखत माझ्यावर ओरडले की बैल जाणार होता तर आधी का सांगितले नाही? सर म्हणाले की त्या खाकी कागदाखाली तेच लिहिले आहे. तेव्हा नाना जास्तच भडकले, की मग झाकलं कोणी? मी तुझे नाव सांगितले. क्षमा असावी. ते म्हणाले की त्या अक्काले आठे बलावा.

मग खुर्चीत बसले. शुक्रवारपासून पहाटे गोठ्यात जाऊन सर्जापाशी उभे राहतात म्हणे. घरी नात शेजारीच बसून त्यांचे वाचणे बघत होती. तिला ठाऊक असून ती बोलली नाही; फक्त शहाण्णवव्या पानावर रुमाल आणून ठेवला. नानांनी मला विचारले की हे खरे आहे का. मी म्हणालो, नाही नाना, कादंबरी आहे. नानांनी टेबलावरचे पुस्तक पुन्हा हातात घेतले. मग म्हणाले की, खोटा शे, ते मंग माले मना सर्जा कसाले याद उना?

खोट्या बैलावरून नानांना आपला खरा सर्जा आठवला, मग खोली मागायचे त्यांनीच सोडले. तांदळाच्या गोण्या रतिलाल सरांच्या ऑफिसात ठेवायचे ठरले. सर आता गोण्यांआडून बोलतात. माझी नेमणूक मार्चपर्यंत वाढली.

जाताना नानांनी दुसरे पुस्तक घेतले. दारात थांबून हळूच विचारले की एवढंच सांग, यात बैल शे का? अक्का, उत्तर अगदी ओठांवर आले होते. पण मी खिडकीबाहेर पाहिले.

शाळेकडून मिळाले : ३५०० रुपये.
पुस्तके ३४४०, खाकी कागद १२०, मैदा व मोरचूद ६०, जळगावचे तिकीट येऊन-जाऊन ६०. एकूण खर्च ३६८०.
शाळेकडून मला येणे : १८०.
झुलालनानांकडून वाचनालयाला येणे : २ रुपये. पुस्तक दोन दिवस उशिरा परत केले. वहीत लिहिले आहे, मागितलेले नाहीत.

तुझी माया अशीच असू दे, आणि नानांनी बोलावले तर येऊ नकोस.
प्रेमराज