बसलेली माणसं

९ डिसेंबर २०२४, सोमवार

पोचलो बुवा एकदाचा! लातूरहून पहाटेची गाडी, नांदेडला चहा, मग किनवटची एसटी आणि शेवटी जीपमध्ये मांडीवर कुणाची तरी कोंबडी. पळसझरी म्हणजे नांदेड जिल्ह्याचं पार उत्तर टोक. पुढे नुसतं सागाचं रान. मोबाईलला रेंज फक्त फाट्यावर. बायको, स्वप्नाली, म्हणालीच होती, एवढ्या वर कोण राहतं! पण लातूरच्या एका खोलीत, झेरॉक्सच्या दुकानाच्या पगारावर, येणाऱ्या बाळासकट किती दिवस काढायचे? आमच्या गावी, शिरूर अनंतपाळला, पूजाअर्चेला आमचे चुलतेच पुरून उरतात. माझ्यासारख्या धाकट्या जंगमाला तिथं कोण विचारतो?

इथं मात्र लिंगायत व्यापाऱ्यांची बरीच घरं आहेत आणि चार वर्षांपासून गावाला स्वामी, म्हणजे विधी करणारा जंगम, नाही. रेवणप्पा किराणावाले फाट्यावर घ्यायला आले. राहायला घर फुकट, दूधही त्यांचंच. त्यांच्या बायकोनं, जगदेवीबाईंनी, ओसरीवर माझे पाय धुतले. मला अजून लाज वाटते त्याची. सासरी कुणी कधी धुतले नाहीत! आठवडाभर राहून बघायचं, रविवारी स्वप्नालीनं यायचं, आणि तिला घर आवडलं तर बिऱ्हाड हलवायचं. मला तर आत्ताच आवडलंय.

१० डिसेंबर, मंगळवार

दुपारी रेवणप्पांकडे जेवलो. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, चटणी अशी की कान लाल झाले. मधल्या घरात त्यांची आई, कमलम्मा, भिंतीला टेकून मांडी घालून बसलेली. कपाळभर भस्म, डोळे मिटलेले. नमस्कार केला, तर उत्तर नाही. ऐकू येत नसेल.

जेवणानंतर रेवणप्पा म्हणाले, अम्माच्या डोक्याला पाय लावा. मी चरकलोच. आमच्यात माणूस गेलं की त्याला असंच बसवतात, डाव्या तळहातावर त्याचं गळ्यातलं इष्टलिंग ठेवतात, आणि जंगमानं डोक्याला पाय लावला की जीव सुटला, मग तसंच बसवून पुरायचं, ती समाधी. जित्या माणसाला कुणी लावत नाही. तसं म्हटलं, तर रेवणप्पांनी हात जोडले, "इकडं अशीच रीत हाय अय्या, न्हाई म्हनू नका." जंगमाला इथं अय्या म्हणतात. देश तसा वेश. शिवाय मागणाऱ्याला पाय नाकारायचा नाही, हे बाबांनी दीक्षेच्या वेळीच शिकवलेलं. उजवा पाय हळूच टेकवला. म्हातारीचं डोकं फार गार होतं. थंडीचे दिवस आहेत म्हणा.

११ डिसेंबर, बुधवार

सकाळी कमलम्माला समाधी दिली. मला फार वाईट वाटलं, काल पाय लावला आणि आज ही वेळ! पण घरात कुणी रडलं नाही. रेवणप्पा तर लेकीचं लग्न पार पडल्यासारखे हलके झालेले. परसात जगदेवीबाईंना धीराचे दोन शब्द सांगायला गेलो, तर त्या सरळ म्हणाल्या की अम्माला जाऊन चार वर्षं झाली. स्वामीच नव्हता गावात, मग काय करतील? "बसवून ठिवली."

बसवून ठेवली! आणि त्याच घरात मी चटणीचं कौतुक करत होतो.

उजवा पाय कालपासून गार आहे. शेकला, तेल लावलं. फरक नाही.

१२ डिसेंबर, गुरुवार

पिशवी भरून निघणार होतो, पण दारात माणसं उभी. घरोघर एक जण बसलेला आहे. एक बाई हात धरून रडायला लागली. तिची लेक ऋतुजा, नांदेडला कॉलेजात होती, तापानं गेली. कोपऱ्यात बसवलेली. ओढणी नीट पिन लावून. नाही कसं म्हणू? तिला सोडवलं. मग शेजारचं घर. मग त्याच्या पुढचं.

दर घरी गारठा थोडा वर चढतो. आता गुडघ्यापर्यंत. चिमटा काढला तरी कळत नाही. मला भीती वाटतेय, लपवून काय करू?

१३ डिसेंबर, शुक्रवार

आता दोन्ही पाय. फाट्यापर्यंत चालणं शक्य नाही. रेवणप्पांना म्हटलं, स्वप्नालीला फोन करा, येऊ नको म्हणावं. "हाव, करतो," म्हणाले.

जुन्या स्वामींची समाधी कुठं, विचारलं. म्हणाले, अजून व्हायची हाय. आणि त्यांनी माझ्याच देवघरामागचा पडदा सारला. मांडी घालून बसलेला माणूस. म्हातारा नाही. माझ्याच वयाचा. त्यानं सगळ्यांना सोडवलं, त्याला सोडवायला कुणी नव्हतं. चार रात्री मी ह्याच्या शेजारी झोपलो—

१४ डिसेंबर, शनिवार

चौघांनी मला उचलून पडद्यामागे नेलं. माझा पाय धरून जुन्या स्वामीच्या डोक्यावर टेकवला. कमरेपर्यंत गार. मांडी घातली ती सुटत नाही. भूक नाही.

जगदेवीबाई एकट्याच आल्या, रडत होत्या. म्हणाल्या, ज्यांना ताटकळत ठेवलं त्यांचं ताटकळणं पाय लावणाऱ्यात उतरतं. आधीच्या स्वामींचं असंच झालं. स्वप्नालीला फोन केला का, मी विचारलं. केला. "या" म्हणून केला. दर वेळी बाहेरून अय्या कुठून आणायचा? आता गावातच जन्मू द्यायचा, असं ठरलंय.

माझं बाळ. ह्यांनी ठरवलंय.

१५, रविवार

कपाळाला भस्म. मी लावलं नाही—

डावा हात उघडा. त्यावर माझंच इष्टलिंग. उजव्यानं लिहितोय, बोटं—

जीप. स्वप्नालीचा आवाज. हसतेय. मी कुठंय विचारते. रेवणप्पा म्हणाले, आत बसलेत, वाट बघून राहिलेत.

ओरडतोय. तोंड उघडत नाही. देवा, तिला परत—

स्वप्नाली आत आलीय. पोटावर हात. माझ्याकडे बघून हसली. म्हणते किती शांत बसलात. म्हणते घर आवडलं मला, इथंच राहू या—

मान हलवतोय. हलत नाही. नाही म्हणतोय मी, स्वप्नाली, ना—