सेमीफायनलच्या आधीचा सल्ला

२ सप्टेंबर
सीझन सुरू. संकल्प तीन. साइडलाइनवर ओरडायचं नाही. रेफरीला काही सुचवायचं नाही. आणि रोज लिहायचं. नऊ वेळा लीगचा कप जिंकलेल्या फुटबॉल कोचच्या डोक्यात काय चालतं, याची कुठेतरी नोंद हवी. वाचणार कोणी नाही, त्यामुळे खरं लिहिता येईल.

यंदाच्या पोरी जोरात आहेत. विशेषतः सुसाट. हे टोपणनाव मीच ठेवलं. तिच्यापुढे मोकळी जागा आणि बॉल टाकला, की बाकीचं मैदान नुसतं बघत राहतं.

प्राचार्यबाईंना भेटलो. दहावा कप आला तर नव्या गॅलरीला माझं नाव द्यावं, अशी लोकांची भावना आहे, हे त्यांच्या कानावर घातलं. कोणत्या लोकांची, असं त्यांनी विचारलं. सर्वसाधारण लोकांची, म्हणालो. त्या बघू म्हणाल्या. म्हणजे झालंच.

८ सप्टेंबर
सहा दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही घडलं नव्हतं, आणि उगाच लिहिणं मला पटत नाही.

आज घडलं. धाकटीला नदीपलीकडच्या कॉलेजने मुलींच्या टीमची कोच नेमलं. पहिलीच नोकरी. आनंद आहे.

ती माझ्याच टीममध्ये तीन वर्षं होती. त्यातली दोन मी तिला बेंचवर बसवलं. कोचची मुलगी म्हणून चान्स मिळाला, असं कोणी म्हणायला नको. तिच्या जागेवर तिच्याहून बरं खेळणारं कोणी नव्हतं हे खरं, पण तत्त्व म्हणजे तत्त्व. शिवाय बेंचवरून खेळ जास्त समजतो. म्हणजे आज ती कोच झाली ती एका अर्थी माझ्यामुळे. बायकोला हे समजावून सांगितलं. ती टॉवेलांच्या घड्या घालत होती. घालत राहिली.

१६ सप्टेंबर
रविवार. धाकटीचा फोन. आता दर रविवारी करणार म्हणते. कॉर्नरच्या वेळी तिच्या पोरी एकमेकींच्या पायात येतात, काय करू, असं विचारत होती. मी सांगितलं, दोघींना मुद्दाम लांब उभं कर. तासभर बोललो. कोणीतरी इतकं लक्ष देऊन ऐकतंय, असं बऱ्याच दिवसांनी झालं. माझ्या टीमच्या पोरी मी बोलायला लागलो की बुटांच्या नाड्या बांधतात.

२३ सप्टेंबर
आम्ही जिंकलो, एक-शून्य. धाकटीही जिंकली, चार-शून्य, त्यातले दोन कॉर्नरवरून. पेपरात तिचा फोटो. आमची बातमी खाली दोन ओळींत, त्यात माझं आडनाव चुकलेलं. बहुधा नवा वार्ताहर आहे.

ती फोनवर म्हणाली, बाबा, तुमचे कॉर्नर. खूप बरं वाटलं. फोटोकडे मात्र मी दिवसभरात पुन्हा पाहिलं नाही.

३० सप्टेंबर
बरोबरी. गवत वाढलं होतं. गवत दोन्ही टीमना तेवढंच होतं, असं असिस्टंट म्हणाला. त्याला अनुभव कमी आहे.

पहिला संकल्प शाबूत आहे. मी ओरडलो नाही, लांबून सांगितलं.

७ ऑक्टोबर, दुपारी
सेमीफायनल ठरली. शनिवारी. आम्ही विरुद्ध धाकटीची टीम.

असिस्टंटला म्हणालो, पोरीला फार लागेल असं हरवायचं नाही. दोन गोल पुरेत. तो म्हणाला, सर, त्या अजून एकही मॅच हरलेल्या नाहीत. नवशिक्यांचं नशीब असतं, मी म्हणालो. तरी जेवण गेलं नाही.

७ ऑक्टोबर, संध्याकाळी
धाकटीचा फोन आला. हसत म्हणाली, या आठवड्यात आपण शत्रू आहोत, फुटबॉलबद्दल काही विचारणार नाही. आईच्या डोळ्यांच्या तपासणीचं विचारलं, गच्चीतल्या नळाचं विचारलं. मी उत्तरं दिली. मग ती ठेवतच होती, तेवढ्यात मी सांगितलं.

सुसाटचा पाय दुखावलाय. खेळेल, पण पळू शकणार नाही. तुझ्या डिफेन्सच्या पोरींना पुढे चढव, थेट मध्यरेषेपर्यंत. मागची जागा मोकळी राहिली तरी तिथे पळणारं कोणी नाही.

ती म्हणाली, बाबा, हे मला सांगू नका, तुमची टीम आहे.

"आधी मी तुझा बाप आहे," मी म्हणालो.

बरं, म्हणाली. थँक यू म्हणाली.

नोंदीसाठी: सुसाटचा पाय मंगळवारी खरोखर दुखत होता. पाण्याच्या सुट्टीपर्यंत. म्हणजे याला खोटं म्हणता येत नाही. शिवाय समोरच्याला चकवणं हा खेळाचाच भाग. बॉक्सिंगवाले काय करतात? बुद्धिबळवाले काय करतात?

बुद्धिबळवाले घरी फोन करून करत नाहीत, हे मला कळतं.

९ ऑक्टोबर
उद्या तिला फोन करून सांगायचं की पाय बरा झाला. बस्स. तेवढ्याने सगळं सरळ होईल.

१० ऑक्टोबर
फोन हातात घेतला. तिचा नंबर लावायच्या ऐवजी दातांच्या डॉक्टरांचा लावला. आता मंगळवारी दाढ काढायची ठरली आहे. दाढेला तसं काही झालेलं नाही.

१२ ऑक्टोबर
प्रॅक्टिसमध्ये सुसाट वाऱ्यासारखी पळाली. मी तिला हळू पळ म्हणालो. का, असं तिने विचारलं. उद्यासाठी राखून ठेव, म्हणालो. उत्तर बरोबर होतं, पण तिच्याकडे बघून देता आलं नाही.

धाकटीला फोन करायचा राहिला. ती कामात असेल.

१३ ऑक्टोबर
मॅच. जसं झालं तसं लिहितो.

तिच्या डिफेन्सच्या पोरी शिट्टी वाजताच पुढे चढल्या, मध्यरेषेपर्यंत, मी सांगितलं होतं अगदी तशा. मागे अर्धं मैदान रिकामं. आमच्या पोरींनी बॉल तिथे टाकला, सुसाट पळाली, गोल. असिस्टंट उड्या मारत होता. मी पलीकडे धाकटीकडे पाहिलं. ती सुसाटच्या पायाकडे बघत होती.

मला वाटलं, आता ती पोरींना मागे बोलावेल. बोलावलं नाही. थोड्या वेळाने तसाच दुसरा गोल. तरीही नाही. हाताची घडी घालून उभी होती, लहानपणी डॉक्टरांकडे रांगेत उभी राहायची तशी.

हाफटाइमला तिने पोरींना गोळा केलं. मधलं अंतर फार नव्हतं. तिचा आवाज ऐकू आला.

"पहिल्या हाफमध्ये जे झालं ती माझी चूक. तुम्ही मी सांगितलं तेच केलंत."

माझं नाव आलं नाही. मी कान देऊन ऐकत होतो, म्हणून खात्रीने सांगतो.

दुसऱ्या हाफमध्ये त्यांनी सगळं बदललं. सुसाटला बॉल मिळेना. आम्ही तीन गोल खाल्ले. दोन कॉर्नरवरून, एक कसा ते मला कळलं नाही, कारण तेव्हा मी रेफरीला काही सुचवत होतो आणि तो मला कार्ड दाखवत होता. हरलो, तीन-दोन.

शेवटी हात मिळवायला ती आली. तिचा हात गार होता.

"सुसाटचा पाय बरा आहे ना?" तिने विचारलं.

"हो. आता बरा आहे," मी म्हणालो.

१४ ऑक्टोबर
धाकटी घरी जेवायला आली. तिचा मामाही होता. मामा क्रीडाशिक्षकांच्या संघटनेचा सेक्रेटरी. त्याला सगळं सगळ्यांच्या आधी कळतं आणि ते तो सगळ्यांना सांगतो. जेवता जेवता म्हणाला, गॅलरीत बोलत होते, पहिल्या हाफचा प्लॅन म्हणे बापानेच दिलेला, पलीकडच्या पोरींच्या तोंडून आलंय. खरं का?

माझ्या हातातला घास हातातच. बायको माझ्याकडे बघायला लागली. धाकटीने पाण्याचा जग उचलला, सगळ्यांचे ग्लास भरले, माझा शेवटी.

"बाबांनी मुद्दाम चुकीचं सांगितलं, मामा. मी त्यांच्या डोक्याने चालते की स्वतःच्या, ते बघायला. हो ना, बाबा?"

"हो," मी म्हणालो.

मामाने माझ्या पाठीत थाप मारली. म्हणाला, दहावा कप सोडला पोरीला घडवण्यासाठी, असा गुरू पाहिला नाही. मला ठसका लागला. बायको उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

१८ ऑक्टोबर
शांतपणे विचार केला. माणसाच्या मनात किती थर असतात. फोनवर मी ते वाक्य बोललो तेव्हा वरवर जिंकायचा विचार असेल. पण आत, खोलवर, तिला स्वतःच्या पायांवर उभं करायचं, हे असू शकतं. असणारच. इतक्या वर्षांचा कोच आहे मी.

मंगळवारी दाढ काढली. गालाला अजून सूज आहे.

२२ ऑक्टोबर
मामाने ते सगळीकडे सांगितलं. प्राचार्यबाईंनी थांबवून अभिनंदन केलं. गॅलरीचं मी काढलं नाही, त्यांनीही नाही. संघटनेतर्फे शनिवारी तरुण कोचेससमोर बोलायचं आहे. विषय: चुकू देण्याची कला. नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, सूज असल्यामुळे मामाला हो ऐकू आलं.

धाकटी फायनलच्या तयारीत. रविवारी आईशी बोलली. मी बाथरूममध्ये होतो. तसा मी लवकर बाहेर येऊ शकलो असतो.

२७ ऑक्टोबर
भाषण झालं. हॉल भरलेला. आधी थोडं चाचरलो, मग लय सापडली. सांगितलं की फोन करण्यापूर्वी मी आठवडाभर विचार केला होता. सांगितलं की पहिला गोल झाला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं. हे कुठून आलं मला माहीत नाही, पण समोरच्या दोघी डोळे पुसायला लागल्या. एका तरुण कोचने विचारलं, सर, ती हरली असती तर? मी म्हणालो, माझा तिच्यावर विश्वास होता. टाळ्या.

धाकटी तिसऱ्या रांगेत होती. तिनेही वाजवल्या. बायकोने नाही.

परत येताना गाडीत बायको बोलली. मी चालवत होतो, त्यामुळे तिच्याकडे बघावं लागलं नाही. म्हणाली, त्या रविवारी तुमच्याशी बोलून झाल्यावर तिने मला फोन केला होता. म्हणाली, बाबांनी असं असं सांगितलंय, आणि मला ते बरोबर वाटत नाही. मी म्हटलं, मग करू नकोस. तर म्हणाली, नाही केलं तर त्याचा अर्थ बाबा मला फसवतायत असं मी धरून चालले. ते नाही जमणार मला.

मी म्हणालो, पण पहिला गोल झाल्यावर तरी.

"तेव्हाच कळलं तिला," बायको म्हणाली. "दोनदा तोंड उघडलं पोरींना मागे बोलवायला. आवाज फुटेना, म्हणाली. तो दुसरा गोल होईपर्यंत ती मॅच बघतच नव्हती."

सिग्नल हिरवा झाला होता. मागचे हॉर्न वाजवत होते.

मी विचारलं, मग जेवताना तसं का म्हणाली?

मामा ऐकत होता ना, बायको म्हणाली. मग खिडकीची काच वर घेतली.

२८ ऑक्टोबर
रविवार. सकाळपासून फोनजवळ बसलो होतो. काय बोलायचं ते ठरवलं होतं. चुकलो म्हणायचं, कारणं द्यायची नाहीत. संकल्प.

फोन आला. माझ्याच मोबाइलवर. दाढेचं विचारलं. तिच्याकडे थंडी पडली म्हणाली. इकडेही पडली, म्हणालो. गच्चीतला नळ बदलला का विचारलं. बदलला, म्हणालो. माझं ते वाक्य तोंडाशी आलं, आणि मी तिला सांगितलं की वॉशर खराब झाला होता.

येत्या शनिवारी तिची फायनल आहे, लाल जर्सीवाल्या टीमशी. त्यांच्या दोन मॅच मी या महिन्यात गॅलरीत एकटा बसून पाहिल्या. तिने काही विचारलं नाही. बोलायचं संपलं तरी तिने फोन ठेवला नाही, थोडा वेळ तशीच थांबली. मी सांगितलं असतं तर ऐकून घेतलं असतं. बरं म्हणाली असती. आणि मग आठवडाभर तिला पुन्हा ठरवत बसावं लागलं असतं.

स्वेटर घाल, एवढं म्हणालो.

लाल टीमची गोलकीपर डावीकडे खाली वाकायला उशीर करते. शॉट तिथे मारायचे, जमिनीलगत. दोन्ही मॅचमध्ये नीट पाहिलंय. हे खरं आहे.