गाडीची खोड

आबा, तुम्ही असता तर आमच्या पोर्चमधल्या त्या गाडीला गाडी म्हणाला नसता. दोनच माणसं बसतील एवढी जागा, डिकीच्या जागी इंजिन आणि इंजिनाच्या जागी डिकी, उंची आपल्या गोठ्यातल्या गव्हाणीएवढी. बसायचं म्हणजे आधी जवळजवळ जमिनीवर टेकायचं, मग एकेक पाय आत ओढून घ्यायचा. उतरताना माझे गुडघे असे वाजतात की शेजारच्या बंगल्यातला कुत्रा उठून बघतो. इटलीत तयार झालेली, राखाडी रंगाची. तुमच्या नातवाने पुण्यात कुणाची तरी वापरलेली घेतली, हौसेने थोडे दिवस फिरवली आणि मग तो कॅनडाला निघून गेला. "आई, विकायचं जिवावर येतंय गं, तुझ्याकडे राहू दे," म्हणाला. अशी ती साताऱ्यात माझ्याकडे आली आणि मांजरासारखी राहिली.

त्याने घेतल्या घेतल्या आपल्या पद्धतीप्रमाणे आम्ही ती गावाला नेली होती, देवाला दाखवायला. भावजयीने पुढच्या झाकणावर हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढलं, हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. सगळं झाल्यावर पोरगा हसत म्हणाला, "मामी, इंजिन मागं आहे." भावजय कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आन मग मगापासनं म्या पूजा कुणाची केली? ब्यागा ठिवायच्या जागंची?" पुन्हा नारळ आणला, मागून सगळं पहिल्यापासून. तुम्ही असता तर लष्करी शिस्तीत आधी इंजिन कुठे ते विचारून घेतलं असतं. मी फार हसले होते त्या दिवशी. दोन महिन्यांत तो कॅनडाला गेला.

अशा गाड्या नुसत्या उभ्या ठेवल्या की बिघडतात म्हणे. म्हणून दर रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा. बॅटरीचा चार्जर लावलास का, चालू करून थोडा वेळ ठेवलीस का, चाकातली हवा बघितलीस का. एकेका प्रश्नाचं उत्तर देताना मी मध्येच माझं काहीबाही सरकवायची. गुडघा दुखतोय, आंब्याला यंदा मोहोर कमी आहे, बँकेतल्या माझ्या मैत्रिणीला नातू झाला. तो "हो का, अरे वा" म्हणायचा आणि पुन्हा गाडीवर यायचा. एरवी मी फोन केला तर तो उचलतो, नाही असं नाही, पण लगेच विचारतो, "काय गं आई, काही विशेष?" विशेष काही नसतं हो आबा. हे गेल्यापासून माझ्याकडे विशेष असं काही घडतच नाही. तर एकदा मी सहज म्हटलं की इंजिन बंद केल्यावर टिकटिक आवाज येतो. तो एकदम सावध झाला. "फोन जवळ ने बघू." मी स्पीकर लावून फोन मागे धरला आणि आम्ही दोघं, तो तिकडे रात्री नि मी इकडे सकाळी, कितीतरी वेळ ती टिकटिक ऐकत बसलो. तापलेलं लोखंड गार होताना वाजतं, एवढंच होतं ते. मला ते आधीपासून माहीत होतं.

गेल्या श्रावणात त्याने सांगितलं की गाडी विकून टाकू या. सांगलीत गिऱ्हाईक मिळालं होतं, हळदीचे एक मोठे व्यापारी, नातवासाठी हवी होती. पण ते जुन्या वळणाचे. गाडी दारात येऊन चाललेली बघितल्याशिवाय घेणार नाहीत, ट्रकवर चढवून आणलेली तर नाहीच. पुण्याहून ड्रायव्हर यायचा होता, त्याने पावसाचं निमित्त करून अंग काढून घेतलं. मी म्हटलं, मी नेते. तो घाबरलाच. "आई, पावसात? ती गाडी?" मी म्हटलं, मिल्ट्रीतल्या ड्रायव्हरची लेक आहे मी, तुझ्या जन्माआधी जीप चालवायची. बोलायला बोलले खरी, पण फोन ठेवल्यावर पोर्चमध्ये जाऊन गाडीपाशी उभी राहिले. गाडी जाणार याचं काही नव्हतं. रविवार जाणार होता.

निघाले त्या दिवशी साताऱ्यातूनच धो धो. आबा, एवढ्या खालून मी पाऊस कधी बघितला नव्हता. ट्रकची चाकं माझ्या डोळ्यांसमोर फिरतायत, पुढचा टँकर गढूळ पाण्याचा पडदा माझ्या काचेवर फेकतोय, त्यात एकुलता एक वायपर इकडून तिकडे धावतोय. पाठीला टेकूनच इंजिन, पिठाची गिरणी मागे घेऊन बसल्यासारखं. पायाचा नुसता भार बदलला तरी गाडी उसळी घेते. शेजारून कारमधली पोरंसोरं मोबाईल काढून शूटिंग करतात, आणि काचेत पिकल्या केसांची, सलवार कमीजवाली बाई दिसली की त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. उंब्रजच्या पुढे रस्त्यावर पाणी साचलं होतं, ते मला दिसलं नाही. एकदम स्टिअरिंग हलकं झालं. हातात काहीच लागेना. चाकं पाण्यावर तरंगत होती. आणि मला आपल्या काळ्या रानातला चिखल आठवला, जीपचं मागचं अंग सरकतंय आणि तुम्ही डाव्या बाजूला बसून हळू आवाजात सांगताय, "ब्रेक मारू नगं. पाय काढ, सावकाश. स्टेरिंग धर, पर आवळू नगं." मी पाय काढला. धरलं, आवळलं नाही. गाडी जरा तिरकी झाली, मग तिला रस्ता सापडला. मी रडत होते हे मला कऱ्हाडच्या जवळ आल्यावर कळलं.

फोन मात्र सारखा वाजत होता. एरवी आठवड्यात एकदा येणारा त्याचा फोन त्या दिवशी ऊठसूट येत होता. दर वेळी मी बाजूला थांबायची, कुठे पोहोचलीस, दमलीस का, चहा घे, घाई करू नको. तिकडे रात्र होती, तो झोपला नव्हता. माझ्यासाठी जागा होता! मला तो पाऊस थांबूच नये असं वाटत होतं.

मलकापूरला सेवा रस्त्यावर वळवलं होतं आणि तिथे तळं झालं होतं. ही गाडी एवढी बुटकी की जरा जास्त पाणी असलं तर इंजिनच पाणी पिणार. मी थांबले, आणि आता तुम्ही उतराल म्हणून क्षणभर नुसती बसून राहिले. खरंच सांगते. इस्लामपूरच्या वाटेवरच्या आपल्या ओढ्याला पाणी आलं की तुम्ही जीपमधून उतरायचात, पँट गुडघ्यापर्यंत दुमडायचात, आणि पाण्यात पुढे चालत राहून मागे न बघता हात हलवायचात. "माज्या मागनं ये. पयल्या गेरात. मधी थांबायचं न्हाई." मी तुमच्या पाठीकडे बघत जीप आणायची. तुमची पाठ बुडत नाही म्हणजे आपण बुडत नाही, एवढाच माझा हिशोब. इथे पुढे कुणी नव्हतं. मग मीच चपला आत ठेवल्या, सलवार वर खोचली आणि उतरले. चहाच्या टपरीवरची बाई ओरडली, "आवं मावशी, छत्री कुणावर धरू, तुमच्यावर का त्या गाडीवर?" टपरीवरचे सगळे हसले, मीही हसले. डावीकडून घोट्याएवढंच पाणी होतं. तपासून परत आले, बसले, आणि पहिल्या गिअरमध्ये, मध्ये न थांबता, गाडी पलीकडे नेली. पलीकडे गेल्यावर ते सांगायला शेजारच्या सीटवर बघितलं. पेठ नाक्यावरून आत वळले, इस्लामपूर गेलं, आष्टा गेलं, दोन्हीकडे हिरवागार ऊस, आणि मी गाडी उगाचच सावकाश चालवत होते.

व्यापारी आजोबा दारातच उभे होते, टोपी, धोतर, डोक्यावर छत्री. गाडीकडे नंतर बघितलं, आधी मला विचारलं, "भिजलासा? आधी चा घ्या. जेवल्याबिगर सोडायची न्हाई तुमास्नी." सूनबाईंनी टॉवेल दिला. मग त्यांनी गाडीभोवती फेरी मारली, इंजिन ऐकलं, नातवाला फोटो पाठवले. आवडली होती, स्पष्ट दिसत होतं. मग माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. "ताई, तुमी शेतकऱ्याच्या घरातल्या दिसता. आमच्यात इचारायची पद्धत हाय, राग मानू नगा. जनावर असू द्या न्हाईतर गाडी. काय खोड असंल तर आत्ताच सांगा."

तुम्ही आपली जीप विकलीत तो दिवस माझ्या डोळ्यांपुढे आला. दूधवाला पैसे काढून बसलेला, आणि तुम्ही बॉनेटवर हात ठेवून सांगताय, दुसरा गिअर नखरे करतो, डावीकडनं पाणी आत येतं, चढाला धाप लागते. मी तुम्हाला मागून खुणा करत होते, पुरे आता. तो गेल्यावर चिडले तर म्हणालात, "उद्या त्यो बाजारात समोर आला तर त्वांड कुटं लपवू?" त्या माणसाने जीप तरीही नेली, आणि पुढे जन्मभर तुम्हाला वाकून नमस्कार करायचा.

मी आजोबांच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हटलं, "पावसात मध्येच बंद पडते."

साताऱ्यापासून सांगलीपर्यंत भर पावसात एकदाही न अडखळलेली गाडी दारात निथळत उभी होती. आजोबा तिच्याकडे बघत राहिले. "आन आज?" "आज नशीब," मी म्हटलं. त्यांनी विश्वास ठेवला. आपल्या मालाची खोड सांगणारं माणूस खोटं बोलत असेल हे त्यांच्या मनात तरी कसं यावं? दोन्ही हात जोडले त्यांनी मला. "नातू रातीबेराती फिरतोय, कुटं आडरानात बंद पडली आसती म्हंजी? लय उपकार झाले ताई. आसं सांगणारं आता कोन ऱ्हायलंय?" मग आग्रहाने जेवायला वाढलं. आमटी गरम होती, भाकरी मऊ होती, आणि मी ताटातून मान वर केली नाही. लाज वाटली आबा, फार लाज वाटली. आणि तरी परतताना, पाऊस उघडलेला, रस्ता ओला चकचकीत, मी मनातल्या मनात येणारे रविवार धरून ठेवत होते.

आजोबांनी सज्जनपणे त्याला फोन करून माझं कौतुक केलं. मग त्याचा मला फोन आला. मला वाटलं रागावेल. तो हसत होता. "आई, ती गाडी आयुष्यात कधी बंद पडलेली नाही. अगं, तुला एवढी आवडते तर सरळ सांगायचंस ना!" मी काही बोलू शकले नाही, आणि त्याने ते हो धरलं. आवाज इतका मायेचा झाला त्याचा. "ठेव, तुलाच ठेव. कागद तुझ्या नावावर करतो. मस्त फिरव. आता तू माझ्यापेक्षा चांगली सांभाळतेस, मी उगाच दर रविवारी तुझ्या मागे कटकट लावायचो. आता नाही हं त्रास देणार."

शब्दाला पक्का आहे, तुमच्यावर गेलाय. कागद आले, माझ्या नावाचे. दिवाळी झाली, थंडी पडली. मी आपली रविवारी सकाळी चहा घेऊन पोर्चमध्ये जाते, गाडी चालू करते, बंद करते आणि तिची टिकटिक संपेपर्यंत आत बसून राहते. शेजारी कौतुकाने म्हणतात, या वयात काय हौस आहे बाईंना. हे सगळं तुम्हालाच लिहितेय, कारण हे कुठे पाठवायचा प्रश्न येत नाही, आणि तुम्ही त्याला सांगणार नाही. त्याला कळलं तर वाईट वाटेल, इतक्या प्रेमाने दिलीय.

आबा, मला ती गाडी मुळीच आवडत नाही.