बर्फाचे अकरा दिवस

८ जानेवारी १९८२
रेल्वेचा माणूस येऊन सांगून गेला — आमच्या ओकुनाए गावची गाडी बंद करायची! म्हणे, चढतं कोण? म्हटलं, चहा घ्या आणि ऐका. मी पोटात असताना माझ्या आईनं या रुळांखालची खडी नदीतून पाठीवर वाहिली. लढाईत लोखंडासाठी खाणीकडचा फाटा उखडून नेला, तरी ही गाडी राहिली. या गाडीमुळे मी मॅट्रिक झाले. आता लेक चिहारू शाळेला जाते.
जाताना हळूच म्हणाला, "घाटरस्ता बर्फानं वर्षाला दहापेक्षा जास्त दिवस बंद राहतो, तिथली गाडी काढत नाहीत."
आमचा रस्ता दोनच दिवस बंद असतो. बर्फ काढायचं यंत्र हे चालवतात ना!

९ जानेवारी
यांना विचारलं, यंदा जरा सावकाश काढला तर?
"माझा रस्ता कधी तिसरा दिवस बंद राहिला नाही. तू देवाला भिणारी ना?"
भिते. म्हणूनच कान्नोनदेवीला आधी सांगून आले. खोटं काही लिहायचं नाही. पडलेला बर्फ पडू द्यायचा. आजाऱ्याला गाडीनं नेऊ.

२३ जानेवारी
रस्ता बंद. दुपारी यांनी मोकळा केला. अबोला.

३० जानेवारी
रात्रभर बर्फ. पहाटे आम्ही बायका फलाट मोकळा करत होतो. हे फावडं घेऊन आले, रस्त्याकडे पाठ करून उपसत राहिले. चिहारू गाडीत चढली. तेव्हा म्हणाले, "यंत्राला आज सर्दी झालीय."

१४ फेब्रुवारी
रस्ता बंदचे आठ दिवस भरले. शेजारची किनुए म्हणते, "तुझा नवरा यंत्राला नुसतं तेल पाजतो, चालवतो कधी?"
म्हटलं, "तुझी सून बाळंतपणाला कशानं गेली?"
"गाडीनं," म्हणाली, आणि मुळ्याचं लोणचं देऊन गेली.

२ मार्च
अकरा. ग्रामकचेरीच्या वहीत नोंद झाली.

२० मे
कागद आला. गाडी राहिली! देवीपुढे सणाचा लाल भात ठेवला. यांनी तीन पेले घेतले आणि फलाटावर नाचले.

७ जून
रस्तेखात्याचा कागद. घाट अकरा दिवस बंद राहतो, सबब बोगदा मंजूर. सात वर्षांत होईल. मग बर्फाचं कारण उरत नाही, गाडीत चढणारी माणसंच मोजणार.
लगेच स्टेशनावर गेले, सहा महिन्यांचा पास मागितला. तिकीटवाला म्हणाला, "काकू, कुठे जायचंय?"
"कुठेच नाही. काढ."