अंगठ्याखालचे बटण

मी, श्रीमती मंजुळा महिपत तांडेल, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार वर्तकनगर, ठाणे, माझ्या मागची व्यवस्था पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने लिहून ठेवीत आहे. माझ्यावर कोणाही जिवंत माणसाचा दबाव नाही.

१. वर्तकनगरची राहती जागा, बँकेतल्या ठेवी आणि माझ्या पाटल्या मुलगा दामाजी यास मिळाव्यात. पाटल्या सूनबाईंच्या हातात जातील हे मी जाणते. त्यांनी त्या मोडून नव्या फॅशनचे काही करू नये.

२. शेजारीण कांता हिला काही देता येत नाही, कारण ती साक्षीदार आहे. इडलीचे भांडे तिला मी हयातीतच दिले आहे. ते परत मागू नये.

३. संगणक दामाजीने न्यावा. माऊसबद्दल मात्र नीट लिहिणे भाग आहे. माझे यजमान कै. महिपत एका कंपनीच्या संगणक विभागात होते. अर्धांगवायूने त्यांचा डावा हात गेला, वाचाही गेली. एका हाताने दोन-तीन कळा एकदम दाबणे जमेना, म्हणून त्यांनी जादा बटणांचा माऊस मागवला आणि मजकूर लिहायच्या प्रोग्राममध्ये इकडून तिकडे जाण्याच्या आज्ञा त्या बटणांना लावून घेतल्या. मधले बटण पुढच्या खुणेकडे नेई. अंगठ्याखालचे बटण शेवटचा बदल जिथे केला असेल तिथे कर्सर परत नेई. शेवटचे वर्षभर ते माझ्याशी असेच बोलले. एखादी ओळ लिहीत, आणि मी स्वयंपाकघरातून आले की बटण दाबून मला ती दाखवीत. गेले तेही संगणकासमोरच्या खुर्चीतच. अंगठा त्या बटणावरून मला सोडवावा लागला.

४. बाळकुमचे घर यजमानांनी माझ्या नावे केले होते. हे कलम मी प्रथम असे लिहिले: 'बाळकुमचे घर मुलगा दामाजी यास मिळावे.' त्या घरात माझी विधवा नणंद शेवंती राहते, मासळी विकते, तिच्या बोलीत मावरं. माझ्या लग्नात ती भर मांडवात म्हणाली होती, "मास्तरनीचे हाताला मावऱ्याचा वास कवा लागंल?" लोक पोट धरून हसले. मी ते विसरलेले नाही. दामाजीला ती जागा बिल्डरला द्यायची आहे.

पुढचे कलम लिहून मी वरचा मजकूर तपासला आणि परत खाली यायला अंगठ्याखालचे बटण दाबले. कर्सर खाली आला नाही. तो या कलमात, 'दामाजी' या नावापाशी जाऊन उभा राहिला. मी जितक्या वेळा दाबले तितक्या वेळा तिथेच. दामाजीने मेकॅनिक आणला. त्याने बटणांना लावलेल्या सगळ्या आज्ञा काढून टाकल्या. तरीही तेच. शेवटी मी माऊसची वायर संगणकातून उपटली आणि माऊस टेबलाच्या खणात बंद केला. दुसऱ्या दिवशी दुपारी खणात 'टक' झाले आणि कर्सर आपला आपण वर चढून त्या नावापाशी थांबला. कांता तेव्हा समोर बसली होती.

"बाई, खणात कोण आहे हो?"

"हे आहेत," मी म्हटले. "चहाची वेळ झाली ना."

त्यांना काय हवे आहे ते मला पहिल्याच दिवशी कळले होते. तरी नाव बदलले नाही. बदलले की ते यायचे थांबतील, अशी मला धास्ती होती. चुकीचे नाव तसेच ठेवून मी त्यांना रोज दुपारी बोलावत राहिले, चहाही दोघांचा टाकू लागले. माझे ते दिवस बरे गेले.

परवा शेवंती आली. दामाजी बिल्डरच्या माणसाला घेऊन घर मोजून गेला होता. दारातच उभी राहून म्हणाली, "वैनी, मना कुठं धाडतंस? दादा असता तं बोलला असता." मला तिच्याकडे बघवले नाही.

म्हणून आज हे कलम बदलले आहे. बाळकुमचे घर माझी नणंद शेवंती हिला कायमचे मिळावे. दामाजीने त्यात काडीचाही हक्क सांगू नये.

दुपार टळली. खणात आवाज झाला नाही. त्यांचा चहा निवून गेला. अहो, जन्मभर बहिणीची बाजू घेतलीत, आणि गेल्यावर आलात तेही तिच्यासाठीच. मला फार राग आला आहे. खण मी उघडा ठेवला आहे.

५. माऊस कोणाला देत नाही. तो माझ्याबरोबर पाठवावा.

ठिकाण: ठाणे
दिनांक: १४ नोव्हेंबर १९९८

सही: मंजुळा महिपत तांडेल

साक्षीदार:
१. धाकू भोईर, सचिव, गृहनिर्माण संस्था (सही)
२. कांता सावंत, शेजारीण (सही)

कांता सावंत हिने सहीखाली हाताने लिहिले: बाईंनी आमच्यासमोर सही केली. सही होताच उघड्या खणात एकदा टक झाले. माऊसची वायर सुटीच होती, धाकूभाऊंनीही पाहिली. कर्सर सरळ वर गेला आणि पहिल्या ओळीत बाईंच्या नावापाशी थांबला. बाई हसल्या. मी संगणक बंद करायला उठले तर म्हणाल्या, "राहू दे गं. आधी चहा टाक, दोघांचा."