कास्मिनाचे जाड थेंब

सोमवार, ४ ऑगस्ट

चार! माझे फक्त चार सेकंद. शेजारी बसणाऱ्या कास्मिनाचे नऊ.

सेमारांगहून डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या, नूरुलबाई. आम्ही बाटिक काढणाऱ्या बायका मेणाच्या धुरात पापणी न लववता बसतो, म्हणून डोळ्यांतलं पाणी सुकतं म्हणाल्या. डोळ्यात पिवळा रंग सोडला, निळा दिवा धरला. पापणी मिटायची नाही! मग अश्रूंचा पापुद्रा किती वेळाने फाटतो ते त्या मोजत बसल्या. नऊ ऐकून कास्मिना लाजून हसली. तिचं सगळं नऊच असतं.

औषधाचे थेंब दोन तऱ्हेचे – पातळ आणि जाड. कुणाला कुठले, ते चिठ्ठ्या टाकून ठरलं. मी नळावर पिवळं धूत होते, तर कास्मिना बाईसाहेब माझीही चिठ्ठी उचलून आल्या. मला पातळ. तिला जाड! नूरुलबाई पुढे बरंच काही सांगत होत्या. माझं लक्ष तिच्या बाटलीकडे.

मेणावर तीस वर्षं काढलीत मी. पातळ मेण कापडात पसरून जातं, जाड मेण जागेवर राहतं. डोळ्याचं काय वेगळं असणार? चिठ्ठी तिनेच बदलली. माझी खात्री आहे.

मंगळवार, ५ ऑगस्ट

मालकीण एंडांगबाईंनी आज पुन्हा सगळ्यांदेखत बजावलं – महिनाअखेरपर्यंत बघते, वार्सिती. टिंबं नीट आली तर बारीक काम तुझ्याकडे ठेवीन, नाहीतर मेण सोडायची रुंद तोटी घे.

रुंद तोटी! म्हणजे नवशिक्या पोरींसारखं मोकळ्या जागा मेणाने भरत बसायचं. लग्नात नेसायच्या सारोंगवरचं मोराचं तोंड ईदपासून कास्मिनाकडे गेलंच आहे. माझ्याकडे शेपटी उरली. तीही जाणार?

गुरुवार, ७ ऑगस्ट

माझा थेंब घातला की घटकाभर बरं वाटतं. मग निम्मा गालावर, आणि तासाभरात डोळ्यात पुन्हा वाळू. ती मात्र थेंब घालून दहा मिनिटं भिंतीला टेकते, डोळे मिटून – महाराणी! एंडांगबाई तिला एक शब्द बोलत नाहीत. मी जरा कंबर सरळ केली तर घड्याळाकडे बघतात.

जळते मी तिच्यावर. इथे लिहायला कसली लाज.

शनिवार, ९ ऑगस्ट

दिवसभर तिची ती निळ्या टोपणाची बाटली डोक्यात. पचेलच्या चटणीसाठी भाजायला घेतलेले शेंगदाणे करपले.

सोमवार, ११ ऑगस्ट

केलं!

ती दुपारच्या नमाजाला उठली तेव्हा. बाटल्या सारख्याच, फक्त टोपणं वेगळी – तिचं निळं, माझं पांढरं. आधी टोपणं बदलली, मग बाटल्यांच्या जागा. तिला कळणारसुद्धा नाही.

मंगळवार, १२ ऑगस्ट

थेंब बाटलीतून उतरेना. मेण करतो तशी बाटली शेगडीजवळ धरून कोमट केली. डोळ्यात पडला आणि काय गारवा! वाळू गेली. पण समोरचं सगळं धूसर. मोर कुठे, माझा हात कुठे!

थांबायला हवं होतं. पण शेजारी कास्मिना आज टेकलीच नाही, थेंब घालून लगेच कामाला लागली. तिच्यापुढे मी कशी बसून राहू? तोटी टेकवली – आणि मेणाचा टपोरा ठिपका पडला, शेपटीच्या मधोमध. आठ महिन्यांचं काम. उकरलं तरी रंगात डाग दिसणारच.

एंडांगबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं. येत्या सोमवारपासून रुंद तोटी, एवढंच म्हणाल्या. कास्मिना खाली मान घालून टिंबं देत राहिली. आतून उकळ्या फुटत असतील.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

नूरुलबाईंनी पुन्हा मोजलं. माझे सात! आनंद पुरता झाला नाही तोच कास्मिनाचे मोजले. नऊच. जाड काढून घेतलं तरी नऊ!

उद्या त्या परत जायच्या आत चिठ्ठीचं सांगून टाकते. माझं गेलं, तिचंही नाव खराब होऊ दे.

शनिवार, १६ ऑगस्ट

सांगितलं. नूरुलबाई म्हणाल्या, “हो, बदलली. मला विचारूनच. जाड थेंबाची चिठ्ठी तुमच्या नावाची निघाली होती. जाड थेंब जास्त टिकतो, पण घातल्यावर दहा मिनिटं धूसर दिसतं, हे मी सगळ्यांना सांगितलं होतं. त्यावर ती म्हणाली, वार्सितीताईचं बारीक काम पणाला लागलंय. ते धूसर माझ्याकडे द्या.”

जाड थेंबांची बाटली तिला परत द्यायला गेले. कास्मिनाने पांढऱ्या टोपणाकडे बघितलंसुद्धा नाही.

“राहू दे, ताई. रुंद तोटीला जाड चालतं.”