काकांच्या ऑफसेट मशीनचे माझ्यामागे काय करावे

मी, खाली सही करणारा, वय सव्वीस, धंदा ऑफसेट छपाई आणि मध्येच उठून फिरायला जाणे, उद्या मालवाहू बोटीवर कामाला निघतोय. समुद्राचा भरवसा नाही म्हणून हे लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे, दादाचे मत वेगळे असले तरी. कोणाच्या दबावाखाली नाही, राजीखुशीने लिहितो.

बँकेत जे उरले असेल ते आईचे. आकडा बघून तिने हसू नये. सायकल आमची पुस्तके बांधणाऱ्या बाइंडरमामांना. ब्रेक लागत नाही, पण ते तसेही ती हातात धरून चालतच जातात.

आता मुख्य गोष्ट. काकांनी जाताना मशीन आणि खालची जागा माझ्या नावे केली. दादा म्हणतो, मशीन भंगारात घालू, जागा भाड्याने देऊ. त्याला वरची खोली मिळाली तेव्हा मी हूं की चूं केले नाही, याची इथे नोंद असावी.

या मशीनवर प्लेट, म्हणजे अक्षरे उठवलेला पातळ पत्रा, कागदाला शिवतसुद्धा नाही. प्लेटवर आधी पाण्याचे रोलर फिरतात, मग शाईचे. कोऱ्या जागी पाणी बसते, तिथे शाई फिरकत नाही. अक्षरांवर पाणी टिकत नाही, तिथे शाई धरते. प्लेटवरची सुलटी अक्षरे रोलरला गुंडाळलेल्या रबरी ब्लँकेटवर उलटी उमटतात आणि तिथून कागदावर पुन्हा सुलटी. मी मोठमोठी मशिने पाहिली, एका बंदरावर तर... ते राहू दे. पाणी कमी पडले तर कागद मळतो, जास्त झाले तर छपाई फिकी पडते. आमच्याकडे हा मेळ हातानेच बसवावा लागतो.

तो हात माझ्या धाकट्या बहिणीला आहे. घरात तिला घार म्हणतात. शाळेचे नकाशे छापताना निळा रंग केसभर सरकला होता. मशीनवर वाकलेल्या मला दिसला नाही, तिला दारातून दिसला. अशी नजर आमच्या घरात आहे, हे मी छाती फुगवून लिहितो.

म्हणून मशीन, शाईचे डबे आणि खालची जागा घारीची. तिला विचारल्याशिवाय दादाने भंगारवाल्याला उंबरठा ओलांडू देऊ नये.

सह्यांच्या वेळी घडले तेही लिहितो. घारीला यातले काही ठाऊक नव्हते. साक्षीदार व्हायला ती पेन घेऊन पुढे आली. कागद तपासायला आलेल्या वकीलकाकू म्हणाल्या, "तू नको गं. ज्याला मिळतं त्याने साक्षीला राहायचं नसतं."

ती मशीनकडे बघत राहिली. मग दादाकडे वळून म्हणाली, "ब्लँकेट बदलायचंय. जरा हात लाव."

दादाने बाह्या सरसावल्या.

सही: घारीचा भाऊ
साक्षीदार: प्लेट बनवणारे अण्णा, कागदवाल्या मावशी
ठिकाण: छापखाना, मशीनशेजारी
तारीख: बोट सुटण्याचा आदला दिवस